खांद्यावरची फुलबाग

लोकलमध्ये हमखास दिसते ती. गुलाबी-पिवळ्या टपोऱ्या फुलांची झकास शोल्डर बॅग. कुर्त्यावर शोभते, जीन्सवरही मस्त. आत लेबल ‘रिसायकल्ड’, म्हणजे स्टाइलसोबत पर्यावरणाचं पुण्यही! पण पर्स उघडण्याआधी जरा थांबा.

रिसायकल्ड पॉलिएस्टर म्हणजे बहुतेक वेळा पाण्याच्या जुन्या बाटल्या. त्या धुऊन, बारीक तुकडे करून, वितळवून त्यांचा धागा काढतात. बाटली कचऱ्यातून वाचली, हे खरंच. मात्र बॅग फाटली की तिचा पुन्हा धागा करणं कठीण. कापड एक, अस्तर दुसरं, चेन तिसरीच!

मग नवीकोरी कॉटन बॅग घ्यायची? डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८मध्ये हिशेब मांडला. साध्या प्लास्टिक पिशवीच्या तुलनेत सुती पिशवी हवामानाच्या दृष्टीने परवडायला ती ५२ वेळा वापरायला हवी. पाणी, प्रदूषण असं सगळं धरलं, तर तब्बल ७,१०० वेळा. म्हणजे रोज एकदा वापरली तरी एकोणीस वर्षं!

त्यापेक्षा आईचं कपाट उघडा. फुलाफुलांची जुनी साडी किंवा चादर काढा (आधी विचारा हं!) आणि कोपऱ्यावरच्या टेलरकाकांना गाठा. दुहेरी कापड, पट्ट्याला डबल शिलाई, आत मोबाइलचा कप्पा. आजीची गोधडी अशीच तर व्हायची.

आणि रिसायकल्ड बॅग आधीच घेतली असेल तर? बिनधास्त मिरवा. उसवली की शिवा, फक्त मॅचिंगसाठी दुसरी घेऊ नका. बॅग किती ‘ग्रीन’ हे लेबल नाही, तिचा झिजलेला पट्टा सांगतो!