मिरचीचा ठसका हवा, औषधाचा नको

गड्ड्याची यात्रा आटोपली की सोलापूरकरांना वर्षाच्या तिखटाचे वेध लागतात. नव्या लाल मिरचीची पोती बाजारात येतात. शुक्रवार पेठेतल्या जुन्या घरांच्या माळवदांवर जुनी लुगडी अंथरून मिरची वाळत पडते, दुपारी बायका देठे खुडत बसतात आणि कांडप गिरणीसमोर डब्यांची रांग लागते. ब्याडगी रंगासाठी, संकेश्वरी चवीसाठी आणि गुंटूरची झणझणीतपणासाठी, हे प्रमाण प्रत्येक घराचे वेगळे असते. काळे तिखट आणि शेंगाचटणी यांवर ज्या गावाची ओळख उभी आहे, तिथे मिरची हा निव्वळ मसाला नाही, रोजचे अन्नच आहे.

म्हणूनच या आठवड्यात आरोग्याच्या सदरात शेतातली मिरची घेतली आहे. मिरची आपल्या ताटात येते तेव्हा शेतात तिच्यावर काय काय फवारले गेले, त्याने फवारणाऱ्याचे काय झाले आणि खाणाऱ्याचे काय होऊ शकते, हा प्रश्न डॉक्टरांचा आहे तितकाच शेतकऱ्याचा आणि गृहिणीचाही आहे. आपल्याकडे शेतात मारण्याच्या विषाला सर्रास ‘औषध’ म्हणतात. निम्मा घोटाळा या एका शब्दात आहे. औषध जास्त घेतले तर लवकर बरे वाटेल, असा समज जसा रोग्याचा असतो, तसाच शेतकऱ्याचाही होतो.

मिरचीवरच इतकी फवारणी का?

मिरचीचे झाड कोवळे, रसाळ आणि सतत नवी पालवी, नवी फुले देणारे आहे. त्यामुळे रस शोषणाऱ्या किडींना ते फार आवडते. फुलकिडे, मावा, पांढरी माशी आणि कोळी ही त्यांतली मुख्य मंडळी. यांच्यामुळे पाने आकसतात, झाड खुजे राहते, फुले गळतात. शेतकरी याला बोकड्या किंवा चुरडा-मुरडा म्हणतात. पुढे फळ पोखरणारी अळी येते, फळकुज येते, भुरी येते. प्रत्येक टप्प्यावर दुकानदार एक नवी बाटली पुढे करतो. शिवाय हिरव्या मिरचीची तोडणी आठ-दहा दिवसांनी पुन्हा पुन्हा होत असल्याने फवारणी आणि तोडणी यांत फारसे अंतरच राहत नाही.

यात भर पडली ती नव्या फुलकिड्यांची. ‘थ्रिप्स पार्विस्पिनस’ नावाची ही परदेशी जात भारतात २०१५ मध्ये प्रथम पपईवर आढळली. २०२१-२२ च्या हंगामात तिने आंध्र प्रदेश आणि तेलंगणातल्या मिरचीची मोठी हानी केली. ही कीड मोठ्या संख्येने फुलांत लपते. फवारा तिथपर्यंत नीट पोहोचत नाही, म्हणून घाबरलेल्या शेतकऱ्यांनी तीन-तीन, चार-चार औषधे एकत्र करून मारली. त्याने कीड आटोक्यात येईना, उलट फवारणीचा खर्च तेवढा वाढला.

असे का होते? कारण शेतात फक्त शत्रूच नसतात. ढालकिडे, क्रायसोपा, परभक्षी कोळी, कोष्टी हे आपले विनापगारी राखणदार आहेत. जहाल औषधाने आधी हे मरतात. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधे वारंवार मारल्यावर कोळ्यांचा उद्रेक होतो, हे कृषी शास्त्रज्ञांनी अनेकदा पाहिले आहे. फुलांवर औषध मारले तर मधमाश्याही मरतात. मिरचीत स्वपरागीभवन होत असले तरी मधमाश्यांमुळे फळधारणेस मदत होते. म्हणजे पैसे देऊन उत्पन्न घटवण्यासारखेच हे आहे.

आधी फवारणाऱ्याचा जीव

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. डोक्याएवढी वाढलेली कपाशी, दमट कोंदट हवा, जोराने फवारा मारणारे पंप आणि एकत्र मिसळलेली औषधे अशी कारणे त्यावेळी पुढे आली. मिरचीचे झाड कपाशीएवढे उंच नसते, हे खरे. पण मिरचीवर फवारणीच्या फेऱ्या अधिक होतात आणि तोडणीला बायका सकाळपासून त्याच झाडांत वाकून काम करतात. हातांची आग मिरचीची की औषधाची, हे त्यांनाही सांगता येत नाही.

सेंद्रिय फॉस्फरस गटातल्या औषधांची विषबाधा ओळखायची खूण अशी : खूप घाम, तोंडाला लाळ सुटणे, डोळ्यांत पाणी, बाहुल्या बारीक होणे, मळमळ, पोटात कळ, छातीत घरघर आणि स्नायू फडफडणे. अशा वेळी माणसाला शेतातून मोकळ्या हवेत आणावे. अंगावरचे कपडे काढून साबण आणि भरपूर पाण्याने अंग धुवावे. मीठपाणी पाजून किंवा घशात बोटे घालून उलटी करवू नये. बाटली किंवा तिचे लेबल बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठावा. यावर अ‍ॅट्रोपिनसारखी खात्रीची औषधे आहेत, पण ती वेळेवर आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावी लागतात. लिंबू-ताक देत बसण्यात वेळ घालवू नये.

डब्यावरचा रंगीत त्रिकोण पाहण्याची सवय लावा. लाल म्हणजे अतिजहाल, त्यानंतर उतरत्या क्रमाने पिवळा, निळा आणि हिरवा. बंदी आलेली औषधे जुन्या साठ्यातून किंवा सवयीने वापरली जातात, तीही टाळा. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी घातली. फोरेट, ट्रायझोफॉस, फॉस्फामिडॉन, डायक्लोरव्हॉस ही औषधे २०२० अखेर बंद झाली. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला २००५ पासूनच मनाई होती, पुढे २०२३ मध्ये त्याच्या ३६ टक्के द्रावणावरही बंदीचा आदेश निघाला.

पान कोणत्या बाजूला वळले?

वैद्य नाडी पाहतो तसे शेतकऱ्याने पान पाहावे. पानांच्या कडा वर वळून होडीसारखा आकार झाला, तर बहुधा फुलकिडे. कडा खाली वळून उलट्या होडीसारखे पान झाले आणि देठ लांबला, तर कोळी. पाने बारीक, सुरकुतलेली, पिवळट आणि झाड झुडपासारखे झाले, तर पांढऱ्या माशीने पसरवलेला विषाणू.

या तिन्हींचा इलाज वेगळा आहे. कोळी हा कीटक नव्हेच, त्याला आठ पाय असतात. त्याच्यावर फुलकिड्यांचे औषध मारणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. कोळ्यांवर पाण्यात मिसळणारे गंधक चालते, त्याने भुरीही आटोक्यात राहते. मात्र कडक उन्हात गंधक मारू नये, पाने करपतात. विषाणूवर तर औषधच नाही. असे झाड दिसताच उपटून नष्ट करावे, म्हणजे शेजारची झाडे वाचतात. फुलगळ तर पुष्कळदा उष्णतेने आणि पाण्याच्या ताणाने होते. तिथे बाटली उघडून काय उपयोग?

कमी विषात जास्त मिरची

उत्पन्नाची लढाई पहिल्या दोन महिन्यांत जिंकली जाते. रोग लहानपणी लागला तर झाड पुढे कितीही जोपासले तरी फळ देत नाही. म्हणून खालील गोष्टी क्रमाने कराव्यात.

१. बियाणे निरोगी फळांचे घ्यावे आणि ट्रायकोडर्माची प्रक्रिया करूनच पेरावे. रोपवाटिका गादीवाफ्यावर किंवा ट्रेमध्ये, बारीक छिद्रांच्या नायलॉन जाळीखाली करावी. पाच-सहा आठवडे पांढरी माशी रोपाला शिवली नाही, तर बोकड्याचे निम्मे संकट टळते.

२. टोमॅटो, वांगी किंवा मिरचीच्याच रानात पुन्हा मिरची घेऊ नये. आधी ज्वारी किंवा कडधान्य असलेले रान चांगले.

३. लागवडीपूर्वी प्लॉटभोवती मका किंवा ज्वारीच्या दोन-तीन दाट ओळी पेराव्यात. उडून येणारा मावा आणि पांढरी माशी या भिंतीला अडतात. अधूनमधून झेंडू लावावा, फळ पोखरणाऱ्या अळीची मादी तिकडे अंडी घालते.

४. चंदेरी रंगाचा मल्चिंग कागद अंथरल्यास परावर्तित उजेडाने फुलकिडे बिचकतात. पाणी वाचते आणि तणही कमी होते. आपल्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात ठिबक आणि मल्चिंग ही जोडी विशेष उपयोगी आहे.

५. युरियाचा मारा टाळावा. नत्र जास्त झाले की झाड हिरवेगार दिसते, पण पाने लुसलुशीत होऊन किडींना आमंत्रण मिळते.

६. मावा-पांढऱ्या माशीसाठी पिवळे आणि फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे एकरी दहा-बारा लावावेत. अळीसाठी कामगंध सापळे लावावेत. सापळ्यात काय आणि किती अडकते ते पाहूनच फवारणीचा निर्णय घ्यावा.

७. पहिली फवारणी पाच टक्के निंबोळी अर्काची असावी. पाच किलो निंबोळीचा भरडा रात्रभर पाण्यात भिजवावा. सकाळी फडक्याने गाळून त्यात थोडे साबणाचे पाणी घालावे आणि एकूण द्रावण शंभर लिटर करावे. ते ताजेच वापरावे आणि शक्यतो सायंकाळी फवारावे, कारण कडक उन्हात त्याचा गुण उतरतो. आपल्या बांधावर कडुनिंब असताना उन्हाळ्यात निंबोळ्या वेचून ठेवायला खर्च तो काय?

८. तरीही गरज पडलीच, तर कृषी विज्ञान केंद्र किंवा कृषी सहायकाच्या सल्ल्याने एकच योग्य औषध, नेमक्या मात्रेत मारावे. तेच ते औषध पुन्हा पुन्हा वापरू नये. तीन औषधांची मिसळ तर मुळीच नको.

हे सारे पुस्तकी आहे, असे कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी पुनुकुलाचे उदाहरण देतो. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यातले हे गाव कापूस आणि मिरचीवरच्या औषधांच्या खर्चाने कर्जात बुडाले होते. १९९९ च्या सुमारास तिथल्या काही शेतकऱ्यांनी स्वयंसेवी संस्थेच्या मदतीने निंबोळी, सापळे आणि सापळा पिके यांची वाट धरली. २००३-०४ पर्यंत सारे गावच रासायनिक कीटकनाशकांपासून मुक्त झाले. एकट्या-दुकट्याने केले तर शेजारच्या रानातून कीड येतेच. गावाने मिळून केल्याचा हा गुण.

तोडणीपूर्वीचे दिवस मोजा

प्रत्येक औषधाच्या लेबलवर ‘प्रतीक्षा कालावधी’ दिलेला असतो. फवारणीनंतर इतके दिवस तोडणी करू नये, असा त्याचा अर्थ. मिरचीसाठी स्पिनोसॅड ४५ टक्के आणि इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के यांचा हा काळ ३ दिवसांचा आहे, तर इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के याचा तब्बल ४० दिवसांचा. दर आठ-दहा दिवसांनी तोडणी होणाऱ्या हिरव्या मिरचीत, तोडे सुरू झाल्यावर चाळीस दिवसांचे औषध मारणे म्हणजे ते थेट गिऱ्हाइकाच्या ताटात वाढणे. अंतरप्रवाही औषध झाडाच्या रसात भिनते, ते धुऊनही जात नाही.

आपल्या जिल्ह्यातल्या द्राक्ष बागाईतदारांना हा धडा नवा नाही. २०१० मध्ये क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे भारतीय द्राक्षे युरोपात अडकली आणि ‘रेसिड्यू’ हा शब्द बांधाबांधावर पोहोचला. परदेशच्या गिऱ्हाइकासाठी आपण दिवस मोजायला शिकलो. आपल्या लेकरांसाठीही तेवढे मोजायला हवेत.

वाळवणातले दुसरे विष

लाल मिरचीत आणखी एक धोका आहे, तो बुरशीचा. ओलसर राहिलेल्या किंवा मातीवर वाळवलेल्या मिरचीत वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. ते यकृताला घातक असून दीर्घकाळ पोटात गेल्यास यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो. नेहमीच्या भाजण्या-शिजवण्याने ते पुरते नष्ट होत नाही. म्हणून मिरची पूर्ण लाल झाल्यावरच तोडावी, कुजकी फळे वेगळी काढावीत आणि ताडपत्री किंवा स्वच्छ सिमेंटच्या खळ्यावर पातळ थरात वाळवावी. रात्री दव लागू नये म्हणून झाकावी. हातात घेऊन हलवल्यावर बी खुळखुळले, की वाळली असे समजावे. वजन वाढावे म्हणून पाणी शिंपडणारा व्यापारी गिऱ्हाइकाचा पैसाच नव्हे, आरोग्यही लुबाडतो.

गृहिणींसाठी थोडेसे

हिरवी मिरची वाहत्या पाण्यात चोळून धुवावी, मग थोडा वेळ मिठाच्या पाण्यात ठेवून पुन्हा धुवावी आणि शेवटी देठ काढावे. वरवरचे अंश याने बरेच कमी होतात. लाल मिरची घेताना पोत्याच्या वरचीच नव्हे, मधलीही पाहावी. फटकी, काळे डाग पडलेली, कुबट वास येणारी मिरची स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. फार भडक, हाताला रंग लागणारी पूड टाळावी. २००३ मध्ये युरोपात भारतीय मिरचीपुडीत ‘सुदान’ हा कापड-मेणाला लावायचा रंग सापडला होता. आपल्याकडेही तिखटात कृत्रिम रंग घालण्यास कायद्याने मनाई आहे. हा रंग तेलात विरघळणारा असल्याने पाण्याच्या साध्या परीक्षेत तो सापडत नाही. म्हणून अख्खी मिरची घेऊन डोळ्यांसमोर कांडून घेणे, ही आपल्या आजीची रीतच उत्तम.

मिरची स्वतः काही वाईट नाही. ताज्या हिरव्या मिरचीत क जीवनसत्त्व भरपूर असते आणि तिच्या तिखटपणाने जेवणाला रुची येते. बेताने खाल्ली तर ती बहुतेकांना मानवते. खाणाऱ्याने चांगल्या मालाला दोन पैसे जास्त द्यावेत, पिकवणाऱ्याने दोन फवारण्या कमी कराव्यात. यंदा मिरची घ्याल तेव्हा विकणाऱ्याला दराबरोबर एक प्रश्न जरूर विचारा : शेवटची फवारणी कधी केली होती? दहा गिऱ्हाइकांनी विचारले की अकराव्या वेळी तो उत्तर तयार ठेवील.