रविवार आणि बुधवारची काडी

१ फेब्रुवारी २०२२ ला पुण्यातल्या शाळा पुन्हा उघडल्या, तेव्हा आमची मुलगी दहावीत होती आणि सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या. बुधवार पेठेतलं आमचं घर म्हणजे जुन्या वाड्यातल्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. कुणाला वेगळं ठेवायचं म्हटलं तर तशी जागाच नाही. ओमायक्रॉनची लाट उतरत होती, संपली नव्हती. शाळेनं चाचणी मागितली नव्हती. २०२० च्या नोव्हेंबरात नववी ते बारावीचे वर्ग सुरू करताना आरटी-पीसीआर करावी लागली होती ती शिक्षकांना. आम्ही आपलं घरापुरतं ठरवलं. दर रविवारी आणि बुधवारी रात्री मुलीची चाचणी घरीच करायची. १५ मार्चला बोर्डाची परीक्षा सुरू होणार होती, ४ एप्रिलला शेवटचा पेपर. तोवर नऊ आठवडे.

त्या नऊ आठवड्यांत जे समजलं ते सांगते. कोविडचं भय आज ओसरलं आहे, पण ताप-खोकल्याच्या साथी येतच राहतात आणि पंधरा वर्षांच्या मुलाकडून एखादी गोष्ट नेमानं करून घेण्याचा प्रश्न प्रत्येक घरात असतोच.

आधी ती चाचणी चालते कशी ते पाहू. मुलांना हे नीट समजलं की अर्धी कुरकुर तिथंच थांबते, असा माझा अनुभव आहे.

भारतात घरी करायच्या कोविड चाचणीला पहिली मान्यता मिळाली ती पुण्याच्याच मायलॅब कंपनीच्या ‘कोविसेल्फ’ला, मे २०२१ मध्ये. किंमत तेव्हा अडीचशे रुपये. याच कंपनीनं मार्च २०२० मध्ये देशी बनावटीचा पहिला मान्यताप्राप्त आरटी-पीसीआर संच आणला होता. विषाणूशास्त्रज्ञ मिनल दाखवे-भोसले यांनी बाळंतपणाच्या आदल्या दिवसापर्यंत त्यावर काम केलं, ही बातमी तेव्हा घरोघरी पोचली होती. घरच्या संचाच्या पाकिटात चार वस्तू असतात: निर्जंतुक काडी, द्रावण भरलेली छोटी नळी, चाचणीची पट्टी आणि वापरून झालेलं सगळं भरायची पिशवी.

काडी दोन्ही नाकपुड्यांत दोन ते चार सेंटीमीटर आत घालून प्रत्येकीत पाच वेळा गोल फिरवायची. प्रयोगशाळेत घशाच्या मागच्या भिंतीपर्यंत काडी नेतात, तसं इथं नाही. मग ती द्रावणात बुडवून घुसळायची, नळी बाहेरून दाबायची आणि नळीचं झाकण लावून पट्टीच्या खळग्यात दोन थेंब सोडायचे. पुढचं काम टिपकागदाचं. शाळेत टिपकागदावर शाईचा ठिपका ठेवून त्याचं टोक पाण्यात धरायचा प्रयोग आपण सर्वांनी केला आहे. पाणी वर चढतं आणि शाईतले रंग सोबत नेतं. इथं द्रावण चढतं आणि वाटेत त्याला सोन्याचे अतिसूक्ष्म कण भेटतात. सोनं इतकं बारीक झालं की ते पिवळं राहत नाही, लालसर दिसतं. या कणांना विषाणूचं एक ठरावीक प्रथिन पकडणारी प्रतिपिंडं चिकटवलेली असतात. नमुन्यात ते प्रथिन असलं तर कण ते धरून पुढं जातात. ‘टी’ अक्षराजवळ त्याच प्रथिनाला पकडणारी दुसरी प्रतिपिंडं कागदात रोवून ठेवलेली असतात. तिथं सगळे अडकतात, गर्दी होते आणि लाल रेघ उमटते. विषाणू नसला तर कण तिथं न थांबता पुढं जातात आणि ‘सी’पाशी अडकतात. ‘सी’ची रेघ एवढंच सांगते की द्रावण नीट चढलं आणि पट्टी चालली.

पंधरा मिनिटांनी पट्टी वाचायची आणि वीस मिनिटांनंतर वाचायचीच नाही, कारण वाळताना उमटणाऱ्या पुसट रेघा फसवतात. पण वेळेत उमटलेली ‘टी’ची पुसट रेघही रेघच असते. संच २ ते ३० अंशांत ठेवायचा असतो, म्हणजे पुण्याच्या एप्रिलात माळ्यावर नको.

आता मुख्य अडचण. आरटी-पीसीआर विषाणूच्या जनुकीय अंशाच्या असंख्य प्रती काढते, म्हणून थोडका विषाणूही सापडतो. पट्टी प्रती काढत नाही. जेवढं नाकात आहे तेवढंच पाहते. त्यामुळे लागण झाल्यावर पहिल्या दिवशी ती ‘नाही’ म्हणेल आणि दोन दिवसांनी ‘आहे’ म्हणेल, आणि दोन्ही उत्तरं आपापल्या वेळी बरोबर असतील. एकाच चाचणीवर विसंबून चालत नाही ते यामुळे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं ऑगस्ट २०२२ मध्ये हेच सांगितलं: लक्षणं असतील तर अठ्ठेचाळीस तासांच्या अंतरानं निदान दोन चाचण्या, नसतील तर तीन. मुलीला मी म्हणाले, “एक फोटो काढून सिनेमा कळत नाही, तसंच हे.” तिला पटलं. निदान पहिले दोन आठवडे पटलं.

पैशाचंही सांगायला हवं. एकट्या मुलीच्या चाचण्यांचेच आठवड्याला पाचशे, नऊ आठवड्यांचे साडेचार हजार. आम्हाला ते जड गेले, आणि अनेकांना परवडणारच नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा (आयसीएमआर) सल्लाही सरसकट चाचण्या न करण्याचाच होता. लक्षणं असलेल्यांनी आणि बाधिताच्या निकटच्या माणसांनी चाचणी करावी, असं तो सांगत होता. आम्ही सासूबाईंमुळे त्यापलीकडे गेलो. घरात वृद्ध किंवा आजारी कुणी नसेल तर लक्षणं दिसल्यावर आणि वर्गात कुणी बाधित निघाल्यावर दोन दिवसांच्या अंतरानं चाचणी केली, तरी माझ्या मते पुरे. इंग्लंडमध्ये मार्च २०२१ पासून माध्यमिक शाळांतल्या मुलांना आठवड्यातून दोनदा घरी चाचणी करायला सांगितलं गेलं, तेव्हा संच सरकार फुकट देत होतं. तिथली काही मुलं पट्टीवर कोला किंवा संत्र्याचा रस टाकून खोटी लाल रेघ काढायची आणि शाळा बुडवायची. आंबटपणामुळे प्रतिपिंडांचं काम बिघडतं आणि सोन्याचे कण भलतीकडेच चिकटतात, हे त्यामागचं रसायन.

आमच्याकडे झालं ते नेमकं उलट. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात पूर्वपरीक्षा होती. बुधवारी रात्री तिनं चाचणी केली, पट्टी दाखवली. ‘सी’ची रेघ स्पष्ट, ‘टी’पाशी काही नाही. मी कॅलेंडरवर खूण केली. पिशवी बांधताना पाहिलं तर काडी पाकिटातून बाहेरच आली नव्हती. तिनं नळीतलं नुसतं द्रावण पट्टीवर सोडलं होतं. ‘सी’ची रेघ विषाणूशिवायच काय, नाकाशिवायही उमटते, हे मीच तिला शिकवलं होतं.

विचारलं तर ती रडली. घसा सकाळपासून खवखवत होता. “दुसरी रेघ आली तर पेपर बुडेल, आजीला काही झालं तर माझ्यामुळे, आणि बाबा म्हणतील, क्लासला मास्क का काढलास.” मी कुठं चुकत होते ते तेव्हा दिसलं. काडी कशी फिरवायची हे आम्ही तिला बारकाईनं शिकवलं; दुसरी रेघ आली तर पुढं काय, हे एका शब्दानंही सांगितलं नव्हतं. त्या मोकळ्या जागेत तिनं स्वतःच शिक्षा लिहून ठेवली होती.

आजार लपवणं आमच्या पेठेला नवं नाही. आमच्या गल्लीतून भिडेवाड्याची जागा चालत काही मिनिटांवर. १८४८ मध्ये फुले दांपत्यानं तिथं मुलींची शाळा सुरू केली. सावित्रीबाई १० मार्च १८९७ ला प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना प्लेगनंच गेल्या. त्याच महिन्यात याच पेठांत प्लेग अधिकारी रँडच्या अमलाखाली घरोघर झडत्या सुरू झाल्या. सोल्जर घरात शिरत, आजारी माणसाला इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत नेत, सामान जाळलं जाई. लोकांनी काय केलं? आजारी माणसं लपवली. आजार सापडणं आजारापेक्षा महाग पडू लागलं की माणूस लपवतो. तेव्हा पेठेतले लोक लपवत होते, आता माझी मुलगी लपवत होती.

त्या बुधवारी रात्री आम्ही चौघं बसलो आणि चाचणीच्या आधी पुढचं ठरवलं. रेघ आली तर सासूबाई नणंदेकडे कोथरूडला जातील. मुलगी आतल्या खोलीत, खिडकी उघडी, ताट दाराशी. वर्गशिक्षिकांना फोन तिचे बाबा करतील. तेव्हाच्या नियमांनुसार सात दिवस घरी, त्यातले शेवटचे तीन दिवस तापाशिवाय हवेत. कुणीही ‘कुठं गेली होतीस’ असं विचारणार नाही. बाबांनी ते स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. मग तिनं नवं पाकीट फोडलं. दुसरी रेघ आली नाही, शुक्रवारी रात्रीही आली नाही. घसा नुसताच बसला होता. लक्षणं असताना पट्टी नकारात्मक आली तर आरटी-पीसीआर करावी हा तेव्हाचा नियम, म्हणून शनिवारी तीही करून घेतली.

त्यानंतर नेम बसला. काही साध्या गोष्टींनी मदत केली. सकाळची वेळ आम्ही कधीच ठेवली नव्हती. शाळेच्या घाईत पंधरा मिनिटं कुणाला नसतात. जेवणानंतर बसायचं, आणि एकटीनं नाही, आळीपाळीनं घरातला एक मोठाही तिच्याबरोबर काडी फिरवायचा. मोबाइलवर गजर तिचा, कॅलेंडरवरची खूणही तीच करणार. मी समोर बसायचे, पण हातात भाजी निवडायला घेऊन. मुलांना आपल्यावर खिळलेली नजर सोसत नाही. आणि शेवटची तारीख ठरलेली होती. अंत दिसत नसलेला नेम या वयात टिकत नाही. ज्या रात्री ती फार दमलेली असे, त्या रात्री दुसऱ्या दिवशी करू म्हणायचो, आणि खरंच दुसऱ्या दिवशी करायचो.

कचऱ्याबद्दल एक. वापरलेली काडी आणि पट्टी पिशवीत बंद करून, वर कागद गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचो. ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचक भगिनींनी सॅनिटरी पॅडसाठी रुजवलेली ही खूण. आमच्या वाड्यात कचरा न्यायला येणाऱ्या मावशींना ती लांबूनच कळायची.

२ एप्रिलला, गुढीपाडव्याला, राज्यातले निर्बंध उठले. ४ तारखेला तिचा शेवटचा पेपर झाला. ६ तारखेच्या बुधवारी तिनंच विचारलं, “आज काडी नाही?”

तुमच्या घरी जुनं पाकीट पडून असेल तर आधी त्यावरची मुदत पाहा. आणि पुढच्या साथीत मुलाच्या हाती काडी देण्यापूर्वी त्याला शेजारी बसवून सांगा, की दुसरी रेघ आली तर कोण कुठं झोपेल, शाळेला कोण कळवेल, आणि त्याला कोणीही बोल लावणार नाही.