मेंदूतील गुठळीचा पाठलाग

"त्यांच्या अंगावरून वारे गेले" असे घरातील मोठी माणसे बोलताना तुम्ही ऐकले असेल. कालपर्यंत हिंडतेफिरते असलेले आजोबा सकाळी उठतात, तेव्हा त्यांचा एक हात आणि एक पाय लुळा पडलेला असतो, तोंड एका बाजूला वाकडे झालेले असते आणि शब्द नीट फुटत नाहीत. कोणी याला लकवा म्हणते, कोणी अर्धांगवायू. पुस्तकात तुम्ही पक्षाघात हा शब्द वाचला असेल. 'अर्धांगवायू' या शब्दातही वारा आहेच! पण विद्यार्थी मित्रांनो, वाऱ्याचा येथे काहीएक संबंध नसतो. आजोबांचे हातपाय धड असतात. बिघाड झालेला असतो मेंदूच्या रक्तपुरवठ्यात.

या बिघाडावर उपाय शोधताना गेल्या साठ वर्षांत शस्त्रवैद्यांनी विलक्षण कौशल्य मिळवले. पण हाताचे कौशल्य वेगळे आणि रोग्याला होणारा फायदा वेगळा, हा धडाही त्यांना शिकावा लागला. आज आपण हीच हकिकत पाहू या.

मेंदूची भूक

प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन सुमारे १.४ किलोग्रॅम, म्हणजे शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असते. पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के प्राणवायू तो एकटाच वापरतो. शिवाय मेंदूजवळ शिलकीचे कोठार जवळजवळ नसते. प्राणवायू आणि ग्लुकोज यांचा पुरवठा रक्तातून अखंड चालू राहावा लागतो.

हे रक्त रोहिण्यांमधून येते. एखाद्या रोहिणीत रक्ताची गुठळी अडकली, तर तिच्यापुढचा मेंदूचा भाग उपाशी पडतो. पक्षाघाताचे बहुतेक झटके असे येतात. काही वेळा मात्र रोहिणी फुटून मेंदूत रक्तस्राव होतो. दोन्हींची लक्षणे बाहेरून सारखीच दिसतात, परंतु उपाय अगदी उलट आहेत. एकात रक्त वाहते करायचे असते, तर दुसऱ्यात थांबवायचे असते. लक्षणांवरून हा भेद खात्रीने करणे पूर्वी फार कठीण होते. १९७१ साली लंडनमधील एका रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅन यंत्राने पहिल्यांदा जिवंत माणसाच्या मेंदूचे छेदचित्र काढले आणि गुठळी की रक्तस्राव, हे काही मिनिटांत कळण्याची सोय झाली.

ग्रहणातील उपच्छाया

गुठळी अडकल्याबरोबर सारा भाग एकदम मरतो काय? नाही, आणि पुढच्या सर्व उपचारांची आशा या 'नाही'वरच उभी आहे.

मेंदूच्या १०० ग्रॅम भागातून मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त वाहते. १९७० च्या दशकात लंडनमध्ये लिंडसे सायमन आणि त्यांचे सहकारी यांनी बबून जातीच्या माकडांवर प्रयोग केले. हा प्रवाह सुमारे २० मिलिलिटरच्या खाली गेला, की चेतापेशींचे विद्युत्-संदेश थांबतात. पण पेशी जिवंत असतात. प्रवाह सुमारे १० च्या खाली गेला, की पेशी मरू लागतात. या दोन आकड्यांच्या मधल्या भागातील पेशी मुक्या झालेल्या असतात, मेलेल्या नसतात.

ग्रहणाच्या वेळी गडद छायेभोवती फिकट उपच्छाया पडते, हे तुम्ही भूगोलात शिकला आहात. शास्त्रज्ञांनी मेंदूतील या मुक्या पट्ट्यालाही 'उपच्छाया' हेच नाव दिले. आजूबाजूच्या लहान वाहिन्यांमधून झिरपणाऱ्या रक्तावर ती कशीबशी तग धरून असते. रक्त वेळेवर परत आले तर ती पुन्हा बोलू लागते, नाही आले तर गडद छाया पसरत जाते. मोठी रोहिणी बंद पडून उपचार झाले नाहीत, तर दर मिनिटाला सरासरी सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा अंदाज २००६ साली मांडण्यात आला.

कुशल हात, पण निष्फळ उपाय

रस्ता बंद असेल तर वळणरस्ता काढावा, ही कल्पना सहज सुचणारी आहे. १९६७ साली झुरिक येथे गाझी याशरगिल यांनी ती अमलात आणली. कवटीला छिद्र पाडून, डोक्याच्या त्वचेला रक्त पुरवणारी एक रोहिणी त्यांनी मेंदूच्या पृष्ठभागावरील रोहिणीला जोडली. या वाहिन्यांची जाडी साधारण एक मिलिमीटर. सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहूनही बारीक धाग्याने टाके घालायचे! पुढील काही वर्षांत अनेक देशांत अशा शस्त्रक्रिया होऊ लागल्या. नंतर काढलेल्या क्ष-किरण चित्रांत जोडलेल्या वाहिनीतून रक्त वाहताना स्पष्ट दिसे. मग आणखी पुरावा कशाला हवा?

येथे क्षणभर थांबून तुमच्याच शाळेतील एक उदाहरण घेऊ. शिकवणीला जाणाऱ्या मुलांना अधिक गुण मिळाले, असे दिसले. हा शिकवणीचा गुण म्हणता येईल काय? कदाचित त्या मुलांना मुळातच अभ्यासाची आवड असेल. कदाचित त्यांच्या घरी अभ्यासाला शांत जागा असेल. खरे उत्तर हवे असेल, तर सर्व मुलांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकाव्या लागतील. ज्यांच्या चिठ्ठ्या निघतील त्यांना शिकवणी द्यायची, उरलेल्यांना नाही. मग दोन्ही गटांत हुशार-मठ्ठ, गरीब-श्रीमंत सारखेच विभागले जातील आणि राहिलेला फरक शिकवणीचा ठरेल.

रोग्यांच्या बाबतीतही असेच आहे. काही रोगी आपोआप सुधारतात. शिवाय शस्त्रक्रियेसाठी बरेचदा त्यातल्या त्यात धडधाकट रोगी निवडले जातात. म्हणून १९७७ साली एक मोठी आंतरराष्ट्रीय चाचणी सुरू झाली. पक्षाघाताचा धोका असलेल्या १३७७ रोग्यांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत वाटणी केली गेली. एका गटाला फक्त औषधे दिली, तर दुसऱ्याला औषधे दिली आणि शस्त्रक्रियाही केली.

१९८५ साली निकाल लागला आणि वैद्यकीय जगाला धक्का बसला. जोडलेल्या वाहिन्यांपैकी ९६ टक्के उत्तम वाहत होत्या; म्हणजे शस्त्रवैद्यांच्या हातांत काही खोट नव्हती. पण पक्षाघाताचे झटके काही कमी झाले नाहीत. उलट शस्त्रक्रिया झालेल्या गटात ते अधिक आणि लवकर आले! वळणरस्ता बांधून झाला होता, पण ज्या संकटासाठी बांधला ते टळले नव्हते. मोयामोयासारख्या विरळा आजारात ही शस्त्रक्रिया आजही करतात, पण सरसकट ती करणे बंद झाले.

औषध आणि घड्याळ

मग गुठळीच विरघळवली तर? १९९५ साली अमेरिकेत ६२४ रोग्यांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. झटका आल्यापासून तीन तासांच्या आत गुठळी विरघळवणारे औषध शिरेतून दिले, तर तीन महिन्यांनंतर बऱ्यापैकी बरे झालेल्यांचे प्रमाण वाढते, असे त्यात दिसले. २००८ मधील चाचणीने ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढवली. अर्थात या औषधाला दुसरी बाजूही आहे. औषध दिलेल्यांपैकी ६.४ टक्के रोग्यांच्या मेंदूत घातक रक्तस्राव झाला. औषध न दिलेल्यांत हे प्रमाण ०.६ टक्के होते. म्हणूनच आधी स्कॅन आणि मगच औषध, हा क्रम कधी मोडत नाहीत.

पण मोठ्या रोहिणीतील मोठ्या गुठळीपुढे हे औषध बरेचदा हात टेकते. ती गुठळी बाहेरच ओढून काढायला हवी.

जांघेतून मेंदूपर्यंत

विहिरीत पडलेली बादली गळ टाकून काढतात, ते तुम्ही पाहिले आहे काय? तसाच हा प्रकार आहे. जांघेतील किंवा मनगटातील रोहिणीत सुईने छिद्र पाडून एक लवचीक नळी आत सरकवतात. क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत पाहत ती छाती आणि मान ओलांडून मेंदूकडे नेतात. जांघेपासून हा प्रवास जवळजवळ एक मीटरचा; आणि शेवटची रोहिणी पेन्सिलीतील शिशापेक्षा थोडीच जाड! नळीतून निकेल आणि टायटॅनियम यांच्या मिश्रधातूची बारीक जाळी पुढे ढकलतात. ती गुठळीत उमलते, गुठळी तिच्यात अडकते आणि मग जाळी हळूच मागे ओढून घेतात. काही वेळा नळीतून गुठळी शोषूनही घेतात. कवटी उघडावी लागत नाही.

किती छान! पण १९८५ चा धडा विसरून चालणार नव्हते. पुन्हा चिठ्ठ्या टाकून चाचण्या झाल्या. २०१३ साली अशा तीन चाचण्यांचे निकाल आले, आणि तिन्हींत गुठळी काढल्याचा फायदा दिसला नाही.

आता ही पद्धत सोडून द्यायची काय? संशोधकांनी निकाल बारकाईने तपासले. अनेक रोग्यांची मोठी रोहिणी खरोखर बंद आहे की नाही, हे आधी पाहिलेच नव्हते. वापरलेली साधने बहुतांशी जुन्या पद्धतीची होती. शिवाय बराच वेळ वाया गेला होता. मग नवी जाळी वापरून, रोहिणी बंद असल्याची चित्राने खात्री करून घेऊन नव्या चाचण्या झाल्या. त्यांतील नेदरलँड्समधील ५०० रोग्यांच्या चाचणीचा निकाल २०१५ च्या आरंभी प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांनी १०० पैकी सुमारे १९ रोगी तीन महिन्यांनी स्वतःची कामे स्वतः करू लागले होते. गुठळी काढलेल्यांत हीच संख्या सुमारे ३३ होती. त्याच वर्षी आणखी चार चाचण्यांनी हाच कौल दिला.

२०१८ साली आणखी एक पाऊल पुढे पडले. एका चाचणीत झटक्याला ६ ते २४ तास उलटून गेलेले, परंतु स्कॅनमध्ये मेंदूचा बराच भाग अजून वाचण्याजोगा दिसत असलेले २०६ रोगी घेतले. गुठळी काढलेल्यांपैकी ४९ टक्के स्वावलंबी झाले. न काढलेल्यांपैकी केवळ १३ टक्के. प्रत्येकाची उपच्छाया वेगवेगळ्या गतीने विझते, हे यातून दिसले. २०२२ आणि २०२३ मधील चाचण्यांनी दाखवले, की मेंदूचा मोठा भाग आधीच मेलेला असला तरी काही रोग्यांना या उपायाचा उपयोग होतो.

मग लहान रोहिण्यांतील गुठळ्याही काढाव्यात काय? तर्काने 'हो' असेच वाटते. पण २०२५ साली अशा प्रश्नावरच्या दोन चाचण्यांचे निकाल आले. प्रत्येकीत ५०० हून अधिक रोगी होते, आणि दोन्हींचे उत्तर 'फायदा दिसत नाही' असेच आले. म्हणजे चिठ्ठ्यांची चाचणी कधी 'हो' म्हणते, कधी 'नाही'. आणि दोन्ही वेळा ती रोग्याच्याच बाजूने बोलत असते.

तुमच्या हातातील काम

हे सारे उपाय रोगी वेळेवर पोहोचला तरच कामाचे. आणि येथे शस्त्रवैद्यापेक्षा घरातील माणूसच महत्त्वाचा ठरतो. पक्षाघातात बरेचदा काही दुखत नाही. त्यामुळे "थोडे पडून राहा, बरे वाटेल" असे म्हणून मोलाचे तास निघून जातात. कोणी झाडपाल्याच्या औषधाला नेते, कोणी तेल चोळत बसते.

घरात कोणाचे असे काही बिनसले, तर तीन गोष्टी करायला सांगा. एक, हसून दाखवा : तोंड एका बाजूला ओढले जाते काय? दोन, दोन्ही हात समोर उचलून धरा : एक हात खाली घसरतो काय? तीन, एक साधे वाक्य म्हणा : शब्द अडखळतात काय? एकाचेही उत्तर 'होय' असेल, तर लगेच १०८ क्रमांकाला फोन करा आणि जेथे सीटी स्कॅनची सोय आहे अशा रुग्णालयात न्यायला सांगा. रोगी शेवटचा ठणठणीत कधी दिसला, ती वेळ कागदावर लिहून ठेवा. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील. तोंडाने पाणी, अन्न, गोळी काहीही देऊ नका. लक्षणे काही मिनिटांत नाहीशी झाली तरीही रुग्णालयात न्याच. ती पुढच्या मोठ्या झटक्याची सूचना असू शकते.

आज घरी गेल्यावर या तीन गोष्टी सर्वांना करून दाखवा. शिक्षकांनी वर्गातही एकदा त्यांचा सराव घ्यावा. गुठळी काढणारा हात कितीही कुशल असो, त्याच्यापर्यंत रोगी पोहोचवणारा पहिला हात कदाचित तुमचाच असेल.