फायबरच्या होडीची गेलेली चकाकी

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात भाईंदरजवळच्या उत्तन, पाली, चौक या बाजूला किनाऱ्यावर एकच लगबग असते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी, त्यामुळे होड्या वर ओढून शाकारायच्या असतात. इंजिनं उतरतात, जाळी धुऊन सुकतात, ताडपत्र्या निघतात. होडीचं अंग वर्षातून एकदा पूर्ण उघडं पडतं ते याच दिवसांत. लाकडी होडीची डागडुजी कशी करायची हे इथल्या घराघरात माहीत आहे. फायबरच्या होडीबद्दल मात्र, ‘तिला काय होतंय? ती कुजत नाही, गंजत नाही,’ असं म्हणून आपण मोकळे होतो. मग पाच-सहा वर्षांत तिचा गडद निळा रंग राखाडी होतो, लाल रंग फिका गुलाबी दिसायला लागतो आणि हात फिरवला की तळव्याला पांढरी भुकटी लागते.

अशी होडी बहुतेक वेळा रंगाऱ्याच्या हवाली होते. खरं तर तिला रंगाची गरज नसते. तिची मूळची चकाकी वरच्या मेलेल्या पापुद्र्याखाली शाबूत असते, तो पापुद्रा तेवढा बेताने काढावा लागतो. हे काम घरच्या घरी होण्यासारखं आहे, फक्त त्याचा क्रम पाळला पाहिजे.

चकाकी कशाने जाते

फायबरची होडी आतून बाहेर बनत नाही, बाहेरून आत बनते. आरशासारख्या गुळगुळीत साच्यात आधी रंगीत पॉलिएस्टर रेझिनचा थर देतात. हा जेलकोट. त्यावर काचतंतूंची मॅट आणि रेझिन यांचे थर एकावर एक चढतात. सगळं घट्ट झालं की होडी साच्यातून बाहेर काढतात. म्हणजे होडीचा रंग वरून लावलेला नसतो, तो जेलकोटच्या अंगातच असतो, आणि चकाकी ही साच्याच्या गुळगुळीतपणाची नक्कल असते.

हा थर साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा असतो. पुढचं सगळं काम या एका आकड्याभोवती फिरतं.

सूर्यप्रकाशातले अतिनील किरण जेलकोटमधल्या रेझिनचे रासायनिक बंध तोडतात. आपल्या किनाऱ्यावर एप्रिल-मेच्या दुपारी अतिनील निर्देशांक ११ च्या पुढे जातो, म्हणजे मोजपट्टीवरच्या शेवटच्या, अति तीव्र गटात. त्यात खारं पाणी, दमट हवा आणि रोजची धग. रेझिन झिजलं की त्यात धरून ठेवलेले रंगाचे कण सुटे होतात. तळव्याला लागते ती हीच भुकटी. पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे खड्डे पडतात. गुळगुळीत पृष्ठभाग प्रकाश एका दिशेने परत पाठवतो, खड्डेवाला पृष्ठभाग तो चहूकडे विखुरतो, म्हणून रंग पांढुरका दिसतो. गडद रंगावर हे लवकर दिसतं, पांढऱ्या होडीवर उशिरा. नुकसान मात्र दोन्हीकडे सारखंच चालू असतं.

आधी तीन परीक्षा

पहिली परीक्षा पाण्याची. होडीच्या फिक्या भागावर तांब्याभर पाणी ओता. पाणी खड्ड्यांत भरतं, प्रकाश विखुरणं थांबतं आणि जुना रंग क्षणभर उजळतो. काम नीट झालं तर साधारण हाच रंग परत मिळणार असतो. ओली होडीसुद्धा फिकीच दिसत असेल तर नुकसान खोलवर गेलं आहे असं समजा.

रॉकेल, डिझेल किंवा तेल पुसून होडी चमकवतात त्यामागेही हेच कारण आहे: तेल खड्डे भरतं. चार दिवसांत त्यावर धूळ बसते आणि होडी आधीपेक्षा कळकट दिसते. शिवाय तेल आत मुरलं की पुढे कधी रंग द्यायची वेळ आली तर तो धरत नाही. हा मार्ग टाळाच.

दुसरी परीक्षा एसिटोनची. होडीवर आधीच कुणी ऑइल पेंट मारलेला असेल तर पुढची कृती लागू पडत नाही. एखादी आडबाजूची जागा आधी साबणाने धुऊन भुकटी काढा, वाळू द्या आणि एसिटोनमध्ये भिजवलेलं पांढरं फडकं घासा. रंग मऊ पडून फडक्यावर उतरला तर तो पेंट. फडक्यावर काही न उतरता पृष्ठभाग तसाच राहिला तर तो जेलकोट किंवा दोन भाग मिसळून मारायचा पक्का रंग. हे दोन ओळखायला एखाद्या टवक्याची कड पाहा. रंगाखाली वेगळ्या रंगाचा थर दिसला तर वरचा थर नंतर चढवलेला आहे. लाकडावर फायबर चढवलेल्या होड्यांत हे बऱ्याचदा आढळतं.

तिसरी परीक्षा नजरेची. तिरप्या उन्हात होडीच्या कडेला उभं राहून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा, पाण्याखालच्या भागातले फोड, खोल ओरखडे यांवर खडूने खुणा करा. ही दुरुस्ती आधी, चमक नंतर.

धुणं आणि डाग

पहिलं धुणं भरपूर गोड्या पाण्याने. मिठाचे कण राहिले तर पुढे घासताना तेच ओरखडे पाडतात. मग साधा पातळ साबण आणि मऊ ब्रश. पाण्याच्या रेषेपाशी बसलेला तपकिरी डाग आणि लोखंडी बोल्टखाली ओघळलेला गंज साबणाला दाद देत नाही. त्यासाठी ऑक्झॅलिक ॲसिडचं पातळ द्रावण फडक्याने लावा, काही मिनिटं ठेवा आणि पुन्हा भरपूर पाण्याने धुवा. हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि हे द्रावण ब्लीचमध्ये कधीही मिसळू नये. डाग घासून काढण्यापेक्षा असा विरघळवून काढला की जेलकोट वाचतो.

होडी वाळली की एसिटोनच्या फडक्याने जुनं वॅक्स, तेलकटपणा पुसून घ्या. फडकं एकाच दिशेने फिरवा आणि वरचेवर बदला, नाहीतर मेण इकडचं तिकडे होतं. एसिटोन झटकन पेट घेतं. जवळ विडी-सिगारेट, गॅस, वेल्डिंग काहीही नको.

कुठून सुरुवात करायची

पाहिल्या पाहिल्या वॉटर पेपर हातात घ्यायचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. नियम असा: सर्वांत सौम्य उपायाने सुरुवात करा, तो पुरला नाही तरच एक पायरी वर चढा. दोन फूट लांब, एक फूट रुंद असा तुकडा मास्किंग टेपने आखा. त्यावर आधी नुसतं पॉलिश करून बघा. चमक आली तर संपूर्ण होडीला तेवढंच पुरे. नाही आली तर रबिंग कंपाऊंड. त्यानेही नाही आली, तरच वॉटर पेपर. हा एक तुकडा संपूर्ण होडीचं वेळापत्रक आणि खर्च सांगून जातो.

वॉटर पेपर लागलाच तर १००० नंबरपासून सुरुवात करून १५०० आणि २००० असं जा. भुकटीचा थर जाड असेल तरच ८०० घ्या. नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक. पेपर रबरी ठोकळ्यावर गुंडाळा. नुसत्या बोटांनी घासलं की बोटांच्या दाबाचे चर पडतात. बादलीत साबणाचं पाणी ठेवा आणि पेपर, होडी दोन्ही सतत ओले ठेवा. सुरुवातीला पेपरखालून होडीच्या रंगाचं दुधाळ पाणी ओघळतं आणि हाताला खरखर जाणवते. थोड्या वेळाने खरखर कमी होऊन पेपर घसरायला लागतो. तिथे थांबायचं. प्रत्येक नंबरला दिशा बदला: एक आडवा, पुढचा उभा. म्हणजे आधीच्या पेपरच्या रेघा पुसल्या गेल्या की नाही हे लगेच कळतं.

सर्वांत जपायच्या जागा म्हणजे कडा. नाळेची धार, काठाचा बाक, कोपरे या ठिकाणी जेलकोट पातळ असतो आणि घासण्याचा सगळा जोर तिथेच येतो. या कडांवर टेप लावून ठेवा आणि शेवटी हाताने हलकेच करा. होडीचं नाव आणि नोंदणी क्रमांकही टेपने झाका.

कंपाऊंड, मग पॉलिश

वॉटर पेपरनंतर होडी गुळगुळीत होते पण मंद दिसते. घाबरायचं कारण नाही. बारीक रेघा अजून प्रकाश विखुरत असतात. त्या काढण्याचं काम कंपाऊंड करतं. गती कमी-जास्त करता येणारं बफिंग मशीन घ्या आणि त्याला लोकरीचं पॅड लावा. तुकड्यावर कंपाऊंडचे चार-पाच ठिपके द्या, मशीन हळू फिरवून ते पसरवा आणि मग गती मिनिटाला हजार ते दीड हजार फेऱ्यांपर्यंत न्या. पॅड सपाट टेकलेलं असावं. मशीन एका जागी क्षणभरही थांबवू नका. घर्षणाने जेलकोट तापतो आणि जळका डाग पडला तर तो निघत नाही. मधूनमधून तळवा ठेवून बघा. कोमट लागलं तर ठीक, हात ठेववत नसेल तर थांबा. कंपाऊंड सुकण्याआधी मायक्रोफायबरच्या फडक्याने पुसा आणि शेजारचा तुकडा थोडा आधीच्या तुकड्यावर चढवून घ्या.

यानंतर लोकरीचं पॅड काढून फोमचं पॅड आणि बारीक पॉलिश. कंपाऊंडच्या गोलगोल खुणा यात जातात. होडीच्या अंगात समोरच्या माणसाचा चेहरा ओळखता आला की पॉलिश झालं.

वेळेचा अंदाज असा. २२ फुटी होडीची पाण्यावरची बाजू सरासरी अडीच फूट धरली तर दोन्ही बाजू मिळून ११० चौरस फूट होतात, म्हणजे दोन चौरस फुटांचे ५५ तुकडे. एका तुकड्याला दहा मिनिटं धरली तरी नुसत्या कंपाऊंडला नऊ तास लागतात. एका दिवसात उरकायला गेलं की शेवटची बाजू हमखास बिघडते. सकाळी ऊन चढण्याआधी किंवा सावलीत काम करा. तापलेल्या होडीवर कंपाऊंड लगेच वाळतं. वॉटर पेपरचं काम पावसाच्या उघडिपीतही चालतं, पण वॅक्सला पूर्ण कोरडी होडी लागते. त्यामुळे मे महिन्यात जमलं नाही तर वॅक्ससाठी पाऊस सरण्याची वाट पाहावी.

वॅक्सशिवाय काम अपुरं

नुकताच उघडा पडलेला जेलकोट उन्हापुढे पुन्हा तसाच निराधार असतो. म्हणून अतिनील किरण रोखणारे घटक असलेलं मरीन वॅक्स किंवा पॉलिमर सीलंट लावायचं. पातळ हात द्या, वाळून धुरकट दिसू लागलं की पुसा, आणि दुसरा हात द्या. ऊन आधी वॅक्स खातं, जेलकोट वाचतो. आपल्याकडच्या उन्हात एक थर काही महिनेच टिकतो, त्यामुळे वर्षातून दोनदा लावणं शहाणपणाचं: पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात आणि शाकारणीच्या वेळी. होडीवर ओतलेल्या पाण्याचे गोल थेंब होईनासे झाले, पाणी पसरायला लागलं, की वॅक्स संपलं.

दोन ठिकाणी वॅक्स लावू नका. माणसं उभी राहतात त्या तळीवर आणि पाय ठेवायच्या काठावर, कारण तिथे घसरून माणूस पाण्यात जाईल. आणि पाण्याखालच्या भागावर, कारण तिथे शेवाळ आणि शिंपले धरू नयेत म्हणून वेगळा रंग लागतो आणि तो वॅक्सवर धरत नाही.

कुठे थांबायचं

घासताना रंग अचानक पातळ, पारदर्शक वाटायला लागला किंवा काचतंतूंची वीण दिसली, तर जेलकोट संपला. त्यापुढे घासणं म्हणजे होडीच्या अंगात पाणी शिरायला वाट करून देणं. अशा होडीला नवा जेलकोट किंवा दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग लागतो, आणि ते काम जाणत्या कारागिराकडे द्यावं. स्वतः करणार असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. फायबरच्या दुकानात रेझिन, कोबाल्ट आणि हार्डनर वेगवेगळे मिळतात. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, त्याने आग किंवा स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यायचं आणि हार्डनर शेवटी, वेगळं टाकायचं.

कोरडं घासणं टाळा. फायबरची धूळ फुफ्फुसांना आणि डोळ्यांना घातक आहे. साध्या रुमालाने ती अडत नाही, धुळीसाठीचा घट्ट मास्कच लागतो. होडीखाली ताडपत्री अंथरा आणि ओघळलेला गाळ गोळा करा. त्यात प्लास्टिकचे कण आणि रंग असतो. तळाचा जुना रंग तर शिंपले मारण्यासाठीच बनवलेला असतो, त्यात तांबं असतं आणि फार जुन्या रंगात कथिलाची विषारी संयुगंही असू शकतात. म्हणूनच असे कथिलयुक्त रंग जहाजांवर वापरायला २००८ पासून आंतरराष्ट्रीय करारानुसार बंदी आहे. भाईंदरच्या खाडीतल्या कांदळवनात कोळंबी आणि माशांची पिल्लं वाढतात. ज्या पाण्यावर होडी चालते त्याच पाण्यात तिची घाण सोडू नये.

फायबरची होडी नीट राखली तर अनेक दशकं टिकते. पण जेलकोट अर्धाच मिलिमीटर असतो, आणि प्रत्येक घासणीत तो थोडा कमी होतो. म्हणून एकदा मेहनत करून चकाकी आणलीत, की पुढे दर ऑक्टोबरात आणि दर शाकारणीला वॅक्सला एक-एक दिवस द्या. ते दिवस चुकवले नाहीत, तर वॉटर पेपर पुन्हा हातात घ्यायची वेळ बरीच वर्षं येणार नाही.