पाणी उतरलं की पक्षी येतात

सप्टेंबर लागला की मी वर्तमानपत्राचं स्थानिक पान आधी उघडते. तिथे कोपऱ्यात जलाशयांच्या पातळीची बातमी असते. उस्मानसागर, पूर्ण पातळी १७९० फूट. हिमायतसागर, पूर्ण पातळी १७६३.५० फूट. आणि पुढे त्या दिवशीचा आकडा. मुशी नदीकाठच्या वस्त्या हा आकडा धास्तीनं बघतात, कारण दरवाजे उघडले तर पाणी त्यांच्या दारात येणार. मी तो पक्ष्यांसाठी बघते, आणि तळी काठोकाठ भरलेली असली की चरफडते. शेजारच्या अम्मा म्हणतात, देवाच्या कृपेनं यंदा पाणी भरपूर आहे, तुमची चैन. त्यांना सांगायला गेलं तर उलटंच वाटतं. तळं भरलं म्हणजे पक्षी वाढले असं नसतं. ऑक्टोबरात तर बऱ्याचदा नेमकं उलट होतं.

हैदराबादला समुद्र नाही. पण किनाऱ्यांची इथे कमतरता कधीच नव्हती. कुतुबशाहीपासून खोदलेले, बांधलेले तलाव आहेत, तेलुगूत ज्यांना चेरुवु आणि कुंटा म्हणतात ती लहानमोठी तळी आहेत, आणि शहराच्या पश्चिमेला ही दोन मोठी धरणं. माझी सगळी हयात काचीगुड्यात गेली, शाळेत गणित शिकवण्यात गेली. निवृत्तीनंतर दुर्बीण हातात आली ती आठ बाय बेचाळीसची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि बेचाळीस मिलिमीटरच्या भिंगाची. नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं याहून जास्त ताकदीची घेऊ नये. हात थरथरला की पक्षीही थरथरतो.

मूळ मुद्दा पाण्याच्या खोलीचा आहे. पाणपक्षी आपण सगळ्यांना सरसकट म्हणतो, पण पाण्यात पोहणारे त्यातले थोडेच. उत्तरेकडून येणाऱ्या पाहुण्यांमधले कितीतरी चिखलावर जगतात. प्रत्येकाच्या पायाची लांबी आणि चोचीची लांबी ठरलेली, त्यामुळे कुठे उभं राहायचं तेही ठरलेलं. लग्नाच्या पंगतीत मानपानानं पाट मांडावेत तशी काठावर त्यांची जागा लागलेली असते. ओल्या चिखलावर चिखल्या धावतो आणि थांबतो, धावतो आणि थांबतो. त्याच्या पुढे, जेमतेम पाण्याचा पापुद्रा असतो तिथे टिलवा. मुठीत मावेल एवढा पक्षी, वजन पंचवीस-तीस ग्रॅम, आणि आलेला असतो आर्क्टिकच्या टुंड्रातून. घोट्याइतक्या पाण्यात तुतवार शेपूट वरखाली करत चालतो. त्याच्या पुढे गुलाबी काटक्यांच्या पायांचा शेकाट्या. मग चित्रबलाक, चोच उघडी ठेवून पाण्यात फिरवत, मासा लागला की मिटणार. त्यापलीकडे थापट्या आणि तलवार बदकं, जी डोकं खाली आणि शेपूट वर करून तळाचं खातात, म्हणजे मान पोचेल एवढीच खोली त्यांना चालते. खोल पाण्यात उरतात बुडी मारणारे: लालसरी, पाणकावळा, टिबुकली.

आता तळं काठोकाठ भरलं तर काय होईल? पाणी गवताला आणि बाभळीला टेकतं. चिखल गायब. पंगतीतल्या पहिल्या चार-पाच पाटांची जागाच नाहीशी होते. मधोमध वारकरी पक्षी आणि पाणकावळे तेवढे ठिपक्यांसारखे दिसतात. हिमायतसागरच्या काठी जाळं सुकवत बसलेल्या एका कोळीदादांनी मला हे सगळं एका वाक्यात सांगितलं होतं. मी पाण्याकडे बघून हळहळत होते. ते म्हणाले, “पानी उतरे तो चिड़ियाँ आते अम्मा, भर गया तो कायकू आते?”

म्हणून भरल्या वर्षी मी मोठ्या धरणांकडे ऑक्टोबरात फिरकतच नाही. लहान तळी आधी उतरतात, तिथे जाते. मोठी धरणं डिसेंबर-जानेवारीसाठी ठेवते. आणि पाऊस कमी झालेल्या वर्षी नेमकं उलटं करते: सप्टेंबरअखेरच गंडीपेठ गाठते. (उस्मानसागरला गावातले सगळे गंडीपेठच म्हणतात, तिथलं पाणी प्यायलेला माणूस हैदराबाद सोडत नाही अशी समजूत आहे. माझ्या बाबतीत ती खरी ठरली.)

गंडीपेठला कुठे उभं राहावं यालाही हिशेब आहे. मुशी विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या डोंगरात उगम पावते आणि पूर्वेकडे वाहते. म्हणून धरणाची भिंत पूर्वेला आणि फुगवट्याचं शेपूट पश्चिमेला. सहलीला येणारी माणसं भिंतीवर जातात, कारण तिथे बाग आहे, भुट्टा मिळतो, फोटो चांगले येतात. पण तिथे पाणी सगळ्यात खोल. सकाळी सूर्य पाठीशी असल्यानं दिसतं छान, फक्त बघायला काही नसतं. चिखल असतो शेपटाकडे, आणि तिथे पश्चिम काठावर उभं राहून पूर्वेकडे बघायचं तर संध्याकाळ बरी, सूर्य पाठीशी राहतो. सकाळी गेलात तर सगळे पक्षी काळे दिसतील आणि तुम्ही पुस्तक मिटून परत याल. चिलकूरचा बालाजी याच तळ्याच्या काठी आहे, व्हिसासाठी प्रदक्षिणा घालणाऱ्यांचा. पक्ष्यांना व्हिसा लागत नाही हा विनोद मी करत नाही. तो इथे प्रत्येक जण करतो.

पाहुण्यांच्या येण्याला क्रम असतो, तो एकदा कळला की कॅलेंडर बघावं लागत नाही. शरद ऋतू पंचांगात उगवण्याआधीच, ऑगस्टमध्ये, तुतवार येऊन पोचतात आणि भोरड्यांचे थवे दिसू लागतात. मग धोबी. करडा धोबी एखाद्या सकाळी समोरच्या गच्चीवर टाकीच्या ओलीपाशी दिसतो तेव्हा माझ्या लेखी ऋतू बदलला. पांढऱ्या भुवईचा मोठा धोबी मात्र इथलाच, बारमाही. नवे लोक त्याला पाहुणा समजून नोंदवतात. धोबी म्हणजे संस्कृतातला खंजन. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत खंजनाच्या दर्शनाच्या शुभाशुभावर एक अख्खा अध्याय आहे, म्हणजे शरदात हा पक्षी येतो ही गोष्ट दीड हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनीही नीट टिपलेली होती. ऑक्टोबरात तारांवर भिंगऱ्यांच्या ओळी लागतात, दलदलीवर भोवत्या पंख इंग्रजी व्हीसारखे उचलून खालून घिरट्या घालतो आणि बदकांमध्ये एकदम धांदल उडते. बदकंही येऊ लागतात, पण त्यांची खरी गर्दी नोव्हेंबरात. पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला तो हिमालय ओलांडणारा हंस, सगळ्यात शेवटी.

शरदातले पक्षी ओळखायला कठीण, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर लोक पहिल्याच फेरीत निराश होतात. पुस्तकातली चित्रं विणीच्या काळातली, नटलेली. इकडे येतात ते पिसं बदलत असताना, फिक्या करड्या रंगात. बदकांच्या नरांची तर उन्हाळ्यानंतर सगळी झूल उतरते आणि ते मादीसारखे तपकिरी दिसतात. त्या दिवसांत त्यांची उडण्याची पिसंही एकदम गळतात, काही आठवडे उडताच येत नाही, म्हणून अंगावर मिरवण्यासारखं काही नसलेलंच बरं. इथे आल्यावर हळूहळू रंग परततो. तेव्हा ऑक्टोबरात रंगावर जाऊ नये. थापट्याची रुंद चोच बघावी, भुवई बदकाच्या चेहऱ्यावरच्या रेघा बघाव्यात, चालण्याची पद्धत बघावी. आणखी एक गोष्ट मला अजून पचलेली नाही. किनाऱ्यावरच्या कित्येक जातींत मोठे पक्षी आधी निघतात आणि त्या वर्षीची पिल्लं मागून, आईबापांशिवाय. वाट दाखवायला कोणी नाही, आधी कधी पाहिलेली नाही, तरी ती पोचतात.

या दिवसांत तेलंगणात बतुकम्मा असतो. भाद्रपदाच्या अमावास्येपासून नऊ दिवस बायका फुलांचे थर रचतात, त्यांच्याभोवती फेर धरतात आणि शेवटी तळ्यात सोडतात. त्यात तरवडाची पिवळी फुलं हवीतच. मग दसरा. आपण आपट्याची पानं वाटतो, इथे जम्मीची, म्हणजे शमीची. आणि त्या दिवशी पालपिट्ट, म्हणजे आपला नीलपंख किंवा चास, दिसला तर वर्ष चांगलं जातं. २०१४ साली नव्या राज्यानं आपली चिन्हं ठरवली तेव्हा पक्षी पालपिट्ट, झाड जम्मी आणि फूल तरवड असं ठरलं. तिन्ही याच पंधरवड्यातली. प्राणी म्हणून निवडलेलं हरीण तेवढं बाहेरचं.

नीलपंख उघड्या माळावर तारेवर बसलेला असतो, मातकट आणि दुर्लक्ष करण्याजोगा. उडाला की निळा स्फोट होतो. तो बघायला शहराबाहेर पडावं लागतं, आणि लोकांना तेवढी सवड नसते. म्हणून दसऱ्याच्या सुमाराला काही जण पिंजऱ्यात कोंडून तो गल्लीत आणतात, पाय बांधलेला, कधी पंखांना डिंक लावलेला, आणि दर्शनाचे पैसे घेतात. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हा गुन्हा आहे. दरवर्षी वनखातं आणि प्राणिमित्र संस्था काही पक्षी सोडवतात, पण डिंक लागलेला पक्षी सोडला म्हणून जगतोच असं नाही. आमच्या गल्लीत एकदा असा माणूस आला तेव्हा मी त्याच्याशी भांडले. गर्दी माझ्याच विरोधात गेली. लोकांचं म्हणणं, देवाच्या दिवशी कटकट कशाला. मला वाटतं शुभ-अशुभ मानणाऱ्यानं तरी उपाशी पक्षी बघून वर्षाची सुरुवात करू नये.

ही दोन धरणं पक्ष्यांसाठी बांधलेली नव्हती हे उघडच आहे. २८ सप्टेंबर १९०८ ला, शरदातच, मुशीला महापूर आला आणि हजारो माणसं गेली. अफजलगंजजवळ उस्मानिया इस्पितळाच्या आवारात एक चिंचेचं झाड अजून आहे. त्यावर चढून सुमारे दीडशे माणसं वाचली. त्यानंतर निजामानं एम. विश्वेश्वरय्यांना बोलावलं आणि त्यांच्या योजनेतून मुशीवर उस्मानसागर (१९२०) आणि ईशी नदीवर हिमायतसागर (१९२७) झाले. पूर अडवणं आणि शहराला पाणी पाजणं ही दोन कामं. पिण्याचं पाणी उपसलं जाई तसा काठ उघडा पडे, आणि तो चिखल पक्ष्यांना मिळे. शहराची तहान आणि टिलव्याचं जेवण असं एकमेकांत अडकलेलं होतं. आता कृष्णेचं आणि गोदावरीचं पाणी शंभराहून जास्त किलोमीटरवरून नळानं येतं, त्यामुळे या धरणांवरचा भार बराच हलका झाला. ऐकायला छान वाटतं. पण ज्या पाण्याची शहराला गरज उरत नाही, त्याच्या काठाची किंमत जमिनीच्या भावानं होऊ लागते.

तसंच झालं. १९९६ साली सरकारनं १११ क्रमांकाचा आदेश काढून दोन्ही धरणांच्या भोवती दहा किलोमीटर, ८४ गावांत, मोठी बांधकामं आणि कारखाने यांना बंदी घातली होती. कारण एकच: हे पिण्याचं पाणी आहे. २०२२ मध्ये दुसऱ्या आदेशानं ती बंदी सैल झाली, आणि त्यात युक्तिवाद हाच की शहर आता या पाण्यावर अवलंबून नाही. शेतकऱ्यांची बाजूही खोटी नाही. शेजारच्या गावात एकरी कोट्यवधी मिळत असताना यांनी पंचवीस वर्षं ज्वारी का पेरावी? पण ऑक्टोबर २०२० मध्ये जेव्हा शहर बुडालं आणि हिमायतसागरचे दरवाजे उघडावे लागले, तेव्हा १९०८ ची आठवण सगळ्यांनाच झाली होती. ती दोनच वर्षं टिकली.

लहान तळ्यांची गोष्ट याहून वाईट, पण एक अपवाद आहे. शहराच्या वायव्येचा अमीनपूर तलाव, कुतुबशाही काळातला, नोव्हेंबर २०१६ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला. शहरी भागातल्या तलावाला असा दर्जा मिळण्याची देशातली ती पहिलीच वेळ. सभोवती इमारती, पलीकडे पाटणचेरूची औद्योगिक वसाहत, सांडपाण्याच्या तक्रारी सतत. तरीही उथळ काठ शिल्लक आहे म्हणून पक्षी येतात, एखाद्या वर्षी रोहितही.

नोंदी ठेवायची परंपरा इथे जुनी आहे. सलीम अलींनी १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानाच्या पक्ष्यांची पाहणी केली, त्यांच्या पत्नी तहमिनाबाई बरोबर होत्या. तेव्हाच्या संस्थानात आजचा मराठवाडाही होता. आज नवशिक्यांना बरोबर नेणारी डेक्कन बर्डर्स ही संस्था आहे. १९८० मध्ये आंध्र प्रदेशची पक्षीनिरीक्षक संस्था म्हणून ती सुरू झाली. ओळखीच्या नजरा बरोबर असल्या की तुतवार-तुतवारांतला फरक लवकर कळतो. मोबाइलवर ई-बर्डमध्ये यादी टाकली की तीही कामी येते.

एवढं करून एकच जागा बघायची असेल, तर सोलापूर रस्त्यावर संगारेड्डीपाशी वळून मंजिराला जावं. १९७८ मध्ये मगरींसाठी अभयारण्य झालं, पण बेटं, पाणवनस्पती आणि उथळ पाणी यांमुळे पक्षीच जास्त. वेळ नोव्हेंबरअखेरची. मंजिरा म्हणजे आपली मांजरा, बीडच्या बालाघाटात उगम पावणारी. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच वर्षी इथलं पाणीही आटलं होतं. माझा मामेभाऊ लातूरचा. दिवाळीला आला की मी त्याला तिथे घेऊन जाते. तो दुर्बिणीतून थापट्यांचा थवा बघतो आणि म्हणतो, “आमच्या मांजरेचं पाणी पळवून तुम्ही बदकं पोसता होय गं ताई?” मी त्याला विचारते, मांजरेवरच्या धनेगावच्या धरणाच्या शेपटाकडे तू डिसेंबरात कधी गेलास का? तो म्हणतो, तिथे चिखल असतो.