इंग्रजी शब्दसंपत्तीच्या सरावासाठी ओळखण्याचे खेळ : एक विवेचन

प्रस्तावना :
प्रथम वर्षाच्या आवश्यक इंग्रजीच्या वर्गात मराठी माध्यमातून आलेले अनेक विद्यार्थी असे आढळतात की, छापलेला शब्द पाहताच त्यांना अर्थ कळतो. परंतु बोलताना तोच शब्द ओठांवर येत नाही. वर्गात स्वतःहून एकही इंग्रजी वाक्य न उच्चारता काहींच्या हाती पदवी पडते. आकलनाची शब्दसंपत्ती व वापराची शब्दसंपत्ती यांतील हे अंतर कमी करण्यासाठी ओळखण्याचे खेळ सुचविले जातात. मात्र अशा खेळात नेमक्या कोणत्या शब्दांचा सराव होतो, याचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात त्याचे विवेचन केले आहे.

खेळाचे स्वरूप :
एकाला माहीत असलेली गोष्ट दुसऱ्याला माहीत नसणे, ही या खेळाची मूळ अट होय. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतात राबविलेल्या बंगळूर प्रकल्पात अशा माहितीच्या तफावतीबरोबरच तर्काच्या तफावतीचाही विचार झाला, आणि त्यांनी अधिक भर दिला तो तर्कावर.

उदाहरणार्थ, फळ्यावर विळा, नांगर, बादली, शिडी, चाळणी अशा सोळा वस्तूंची इंग्रजी नावे लिहिली व त्यांपैकी एक मनात धरली. ‘इज इट अ बकेट?’ असे एकेक नाव विचारत गेल्यास पंधरा प्रश्न लागू शकतात. याउलट, प्रत्येक प्रश्नाने उरलेल्या वस्तूंची निम्मी-निम्मी विभागणी केली तर चारच प्रश्न पुरतात. त्यासाठी ‘इज इट शार्प?’, ‘हॅज इट गॉट अ हँडल?’ असे विचारावे लागते. म्हणजे सराव होतो तो शार्प, हँडल, हॉलो, वुडन या शब्दांचा. ज्या शब्दासाठी खेळ मांडला, तो शेवटी एकदाच, तोही एकाच विद्यार्थ्याच्या तोंडून येतो! वस्तूंची नावे घोटवून घ्यायची असतील तर खेळ उलटवावा : एकाने वर्णन करावे, दुसऱ्याने नाव सांगावे आणि दोन मिनिटांत जमतील तितके शब्द घ्यावेत.

वर्णनाच्या खेळात काही शब्द वर्ज्य करण्याची प्रथा १९८९ साली बाजारात आलेल्या ‘टॅबू’ने रूढ केली. चाकूचे वर्णन ‘कट’ हा शब्द टाळून करायचे. प्रगत विद्यार्थ्यांना ते मानवते. बुजऱ्या विद्यार्थ्याचे मात्र असलेले तोंडही त्यामुळे बंद होते. त्याच्यासाठी फळ्यावर आठ शब्द लिहून त्यांतील किमान तीन वापरण्याची सक्ती करणे, हे प्रस्तुत लेखिकेस अधिक इष्ट वाटते. नाव न घेता गुण सांगणे ही रीत घरच्या कोड्यांमुळे विद्यार्थ्यांना अपरिचित नसते. म्हणून पहिला एक मिनिट जोडीदाराशी मराठीतून विचार करू देण्यास हरकत नसावी.

(हाच खेळ मराठीतून खेळल्यास एक गंमत घडते. ‘तो’, ‘ती’ की ‘ते’ एवढे कळताच फळा, वही, पुस्तक यांपैकी दोन बाद होतात! अमराठी विद्यार्थ्यांना लिंगविचार शिकविताना हीच त्रुटी उपयोगी पडते.)

मोठ्या वर्गातील अडचण :
ऐंशी विद्यार्थ्यांच्या वर्गात एकाला पुढे उभे केले तर उरलेले एकोणऐंशी प्रेक्षक होतात. बाके हलविता येत नसली तरी एकाआड एक बाकावरील विद्यार्थ्यांनी मागे वळून बसावे. त्यांची पाठ फळ्याकडे होते व समोरच्याला फळ्यावरील शब्द दिसतो. गोंगाट होणारच, तेव्हा शेजारच्या वर्गावरील अध्यापकांना आधी कल्पना द्यावी.

या गोंगाटात अध्यापकाने उत्तरांपेक्षा अडखळण्याकडे लक्ष द्यावे. विद्यार्थी हातवारे करून ‘दॅट थिंग’ म्हणतो, तिथे त्याला हवा असलेला शब्द मराठीतून चिठ्ठीवर लिहून घ्यावा. पुढील तासाच्या शब्दांची यादी या चिठ्ठ्यांतूनच तयार करता येते.