हलता नकाशा कसा वाचावा?

स्थलांतराचा इतिहास आकड्यांच्या कोष्टकांत वाचू गेल्यास डोळे पेंगू लागतात. हलत्या नकाशाने ही अडचण बरीच दूर केली आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचाच दाखला घेऊ. तेथील सरकार बाहेरून येणाऱ्यांची नोंद १८२० पासून ठेवीत आले आहे. दर दहा हजार माणसांमागे एक ठिपका धरावा, तो मायदेशाहून अमेरिकेकडे सरकवावा आणि एकेक वर्ष सेकंदा-दोन सेकंदांत उलटावे. दोन शतके काही मिनिटांत डोळ्यांपुढून जातात.

आरंभी ठिपके पश्चिम व उत्तर युरोपातून निघतात. १८४५ पासून आयर्लंडात बटाट्याचे पीक कुजले, दुष्काळ पडला. तेथून एकच झुंबड उठते. पुढे इटली, ऑस्ट्रिया-हंगेरी, रशिया यांची पाळी येते. १९०७ या एका वर्षात सुमारे १२ लाख ८५ हजार माणसे आली! नंतर ओघ आटतो. १९१४ चे महायुद्ध हे पहिले कारण. पण युद्ध संपल्यावर पुन्हा वाढू लागलेला ओघ १९२४ च्या कायद्याने देशवार मर्यादा घालून रोखला. चिनी मजुरांना १८८२ मध्येच दार बंद झाले होते; १९१७ मध्ये हिंदुस्थानसह आशियाच्या मोठ्या भागाला झाले. १९६५ च्या कायद्याने देशवार भेद काढला आणि भारतातूनही ठिपके निघू लागले. न्यू जर्सीत गणपती बसवणारी अनेक मराठी कुटुंबे याच ओघातली. म्हणून आम्ही म्हणतो, नकाशावरचा ओस समुद्रही वाचावा. गरज सरली म्हणून तो ओस पडतो असे नाही, कायद्यानेही पडतो.

आणि नकाशा दाखवतो ते दप्तरात लिहिलेले तेवढेच. १८२० साली नोंद झाली साडेआठ हजारांहूनही कमी माणसांची. म्हणजे त्या वर्षी ठिपका एकही नाही. आफ्रिकेतून गुलाम आणण्यास १८०८ मध्येच बंदी झाली, म्हणून त्यापूर्वी साखळदंडांत आणलेली लाखो माणसे या नकाशात येतच नाहीत. चार पैसे गाठीला बांधून अनेक इटालियन मजूर गावी परतले. ठिपका मात्र परत फिरत नाही.

तेव्हा ठिपक्यांची धाव पाहून थक्क व्हावे, पण मोजणी कोणी केली आणि त्यातून कोण राहिले, हेही विचारावे.